बार : एका अडसराची गोष्ट

'बार' हा इंग्रजी शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला. अर्थ साधा : दार आतून बंद करायला लावतात तो आडवा दांडा. आपला अडसर.

दारू विकणारा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडवा ओटा असे. त्यावरून अख्ख्या दुकानालाच बार म्हणू लागले. नदीच्या मुखाशी साचणारी वाळूची पट्टीही बारच. गोव्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा बार आहे. पावसाळ्यात तो ओलांडणं धोक्याचं, म्हणून खनिज भरलेल्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात आणि मुरगाव गाठतात. दाबाचं एकक असलेला 'बार' मात्र या कुळातला नाही; तो 'वजन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला.

संसदेतही बार असतो. सभागृहाचा सदस्य नसलेल्याने तिथेच थांबायचं. १९६१ साली मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना लोकसभेच्या बारपाशी उभं करून समज देण्यात आली. आचार्य कृपलानींवर छापलेल्या लेखामुळे सभागृहाचा हक्कभंग झाला होता. २०११ मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांनी महाभियोगाविरुद्ध आपली बाजू मांडली, तीही राज्यसभेच्या बारपाशी उभं राहूनच.

आणि न्यायालयातला बार. या कठड्याशी उभं राहून अशिलाची बाजू मांडायचा ज्याला अधिकार, तो बॅरिस्टर. पण हा अधिकार कोणाला द्यायचा, हे कठड्याच्या आतले लोकच ठरवत. मला या शब्दाचा सगळ्यात जड अर्थ इथे दिसतो.

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. आणि बॅरिस्टर होण्याची वाट इंग्लंडमध्ये स्त्रियांसाठी १९१९ च्या कायद्यापर्यंत बंदच होती. मधली वर्षं त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडद्याआड राहणाऱ्या, पुरुष वकिलाशी बोलूही न शकणाऱ्या विधवांच्या मालमत्तेचे हक्क त्यांनी सांभाळले. सरकारी सल्लागार म्हणून त्यांनी हे काम अनेक वर्षं केलं.

१९२३ मध्ये भारतातही कायदा झाला आणि स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. कॉर्नेलिया तोवर पन्नाशीच्या पुढे गेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.