सिंधुदुर्गाच्या हिशेबात पर्यटन कुठे दिसते?

(दृश्य : मालवणचा धक्का, सकाळची वेळ. किल्ल्याकडे निघालेली होडी.)

पावसाळा सरून मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या सुटू लागल्या, की हंगाम सुरू झाला हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा किती, असे सरकारी आकडेवारीला विचारले, तर त्याचे उत्तर कोणत्याही एका रकान्यात सापडत नाही.

(दृश्य : तारकर्लीतील एका घराचे स्वयंपाकघर. केळीच्या पानावर वाढलेले जेवण.)

हे पान नीट पाहावे. तळलेली सुरमई पहाटेच्या लिलावातून आली, म्हणून तिचे मूल्य मासेमारीत धरले जाते. आमटीतला नारळ परसातला, तो शेतीत गेला. पाहुण्याच्या खोलीचे भाडे निवास व खाद्य सेवांत, तर किल्ल्याकडे नेणारी होडी वाहतुकीत मोडते. शेती किंवा बांधकाम ओळखले जाते ते काय निर्माण झाले यावरून. पर्यटन मात्र ओळखावे लागते ते विकत घेणारा कोण यावरून. हीच सुरमई शेजारच्या घरी शिजली, तर तिचा पर्यटनाशी काही संबंध उरत नाही.

ही अडचण ओळखूनच देशपातळीवर 'पर्यटन उपग्रह लेखे', म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या मुख्य हिशेबाला जोडून मांडलेला पर्यटनाचा पूरक हिशेब, तयार केले जातात. प्रवाशांनी केलेला खर्च पाहणीतून काढायचा आणि प्रत्येक क्षेत्रातील त्याचा हिस्सा वेगळा करायचा, अशी ही रीत आहे. त्यानुसार भारताच्या उत्पन्नात पर्यटनाचा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष वाटा मिळून सुमारे ५ टक्के येतो. जिल्ह्यासाठी मात्र उपलब्ध आकड्यांतूनच वाट काढावी लागते.

(दृश्य : आर्थिक पाहणीच्या अहवालातील तक्ते.)

राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्नाचे अंदाज देते, पण ते वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही : सेवांच्या अनेक क्षेत्रांत राज्याचा एकूण आकडा जिल्ह्यांतील कामगारांच्या संख्येसारख्या निर्देशकांच्या आधारे वाटून दिलेला असतो. त्यामुळे तारकर्लीतील दोन खोल्यांच्या घराची कमाई मुंबईतील हॉटेलांसह काढलेल्या सरासरीच्या सावलीत येते. वस्तू व सेवा कराच्या नोंदींचाही फारसा आधार मिळत नाही, कारण सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्याला सर्वसाधारणपणे नोंदणीच करावी लागत नाही.

म्हणून रोजगारापासून सुरुवात करणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. समजा, राज्यात दर १०० कामगारांपैकी ३ जण निवास व खाद्य सेवांत आहेत आणि जिल्ह्यात ६. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ६ ला ३ ने भागले की २ हा स्थान-गुणांक मिळतो, म्हणजे या कामांतील माणसांचे प्रमाण जिल्ह्यात राज्याच्या दुप्पट आहे. राज्याच्या प्रमाणाइतके ३ कामगार स्थानिक गिऱ्हाइकांसाठी आहेत असे मानले, तर वरचे ३ बाहेरून येणाऱ्यांवर अवलंबून आहेत असा ढोबळ अंदाज बांधता येतो. ढोबळ अशासाठी, की कुडाळच्या बसस्थानकाजवळच्या खानावळीत रोज जेवणारा कारकून आणि मुंबईचा प्रवासी एकाच बाकावर बसतात. शिवाय वर्षाची सरासरी हंगाम झाकून टाकते : पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आणि होडीवर पोट असलेल्या कुटुंबाचे ते महिने कोणत्याही वार्षिक आकड्यात दिसत नाहीत. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हा मूलभूत स्तर धरला जाऊ लागला आहे, म्हणजे नमुना प्रत्येक जिल्ह्यातून वेगळा निवडला जातो. त्यातून लहान व्यवसायांची जिल्हावार माहिती सुधारली, तर हा अंदाज पुष्कळ पक्का होईल.

(दृश्य : बांद्याजवळची गोव्याची हद्द. भाड्याची गाडी.)

हद्दीचा प्रश्नही आहेच. मोपाच्या विमानतळावर उतरून गोव्याच्या टॅक्सीने मालवणला येणाऱ्याचे गाडीभाडे गोव्याच्या उत्पन्नात जाते, जरी तो आलेला असतो सिंधुदुर्ग पाहायला.

(दृश्य : गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीचे कुडाळ स्थानक. माणसांनी भरलेला फलाट.)

आणि हे चाकरमानी. नेहमीच्या वावराबाहेर, वर्षाहून कमी काळासाठी, तिथे नोकरी करण्याखेरीज अन्य कोणत्याही हेतूने प्रवास करणारा तो अभ्यागत, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. तिच्यानुसार आरतीसाठी मुंबईहून घरी आलेला, आपल्याच ओटीवर झोपणारा हा माणूसही सहसा त्या गणतीत बसतो. तो खोली भाड्याने घेत नाही, म्हणून निवासाच्या आकड्यांत तो कधीच येत नाही. पण रिक्षा, वाणसामान, फुले, मखर आणि परतताना पिशवीत भरलेली कोकमे यांवर त्याने केलेला खर्च गावच्या बाजारात त्या आठवड्यात ठळकपणे दिसतो. जिल्ह्याचा हिशेब मांडणाऱ्याने हॉटेलांच्या खोल्या मोजण्याआधी या फलाटावर उतरणारी माणसे मोजावीत, असे मला मनापासून वाटते.