टोळीवरच्या बायका आणि धनुर्वाताची सुई

(दृश्य: वाळवा तालुका. उसाची तोडणी चाललेला फड. बांधापलीकडे टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या.)

निवेदन:

हंगाम सुरू झाला की सांगलीच्या साखर कारखान्यांवर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. आपल्याच जत तालुक्यातूनही येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवस चुकला की खाडा कापला जातो. बाई पोटुशी असली म्हणून कोयता थांबत नाही.

(दृश्य: उपकेंद्राचा ओटा.)

गरोदरपण कळलं की टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा, पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांत दोन्ही झाले असतील तर एक बूस्टर पुरतो. सुई फुकट आहे. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. नाळ कापताना धनुर्वाताचे जंतू शिरले, तर तेच कामाला येतं. कोपीत बाळंत होणारीला ही सुई सगळ्यांत जास्त गरजेची.

आणि तीच ती चुकवते. रजिस्टरमध्ये शेरा पडतो: नकार. वर कुणीतरी म्हणतंच, अडाणी आहेत.

पण शेऱ्याच्या आधी काय घडलं, ते लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही. ‘टोळीवाल्या ना? तिकडं बसा.’ ‘कार्ड नाही? मग तुमच्या गावाला जाऊन घ्या.’ कुणी हाकलून देत नाही, नुसतं बसवून ठेवतं. तेवढ्यात दिवसाची मजुरी जाते. पुढच्या वेळी नर्सबाई येताना दिसल्या की ती आपली फडात शिरते.

भीतीही पोकळ नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. जिच्या जावेची पिशवी ‘कॅन्सर होईल’ म्हणून काढली, ती डॉक्टरांच्या शब्दावर दंड पुढं करेलच असं नाही. जुलै २०२१ मध्ये गरोदर बायांना कोविडची लस खुली झाली, तेव्हाही हाच संशय आडवा आला. अमेरिकेतही त्या वर्षी गरोदर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये लसीचं प्रमाण फार कमी होतं. त्यांना काही कोणी ऊसतोडवाल्या म्हणणार नाही!

(दृश्य: संध्याकाळ. चुलीपाशी आशाताई.)

मोळ्या भरून झाल्यावर आशाताई कोपीवर येतात. आधी खाली बसतात, दिलेलं पाणी पितात. ते पितात की नाही, हे बायका बरोबर बघतात. कार्डाचा विषय नंतर.

दुसऱ्या डोसाची तारीख येईपर्यंत टोळी बहुधा पुढच्या गावच्या फडावर गेलेली असते. तिथली नर्सबाई वेगळी, ओटा वेगळा.