माप कुणाच्या अंगाचं?

मित्रहो, कृष्णवर्णीय संशोधक म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतात ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. त्यांचा भुईमूग, त्यांची रताळी, टस्कीगीची ती प्रयोगशाळा आपल्या कितीतरी घरांत पोचली आहे. त्याच्याही फार आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. पण आपण चिकाटीचं कौतुक करतो आणि तिथेच थांबतो. मला विचारायचं आहे ते पुढचं. एवढं कर्तृत्व गाजवलेल्या माणसाला पद काय मिळालं, पगार किती मिळाला? आणि अशी माणसं जिथे दाराबाहेर ठेवली गेली, तिथल्या वैद्यकात आजही काय चुकतंय?

व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकापासून सुरुवात करतो. जन्म १९१०, वाढले नॅशव्हिलला. वडील सुतार, त्यांच्या हाताखाली मुलगाही सुतारकाम शिकला. डॉक्टर व्हायचं म्हणून पै-पै साठवली, आणि महामंदीत बँक बुडून ती सगळी गेली. १९३० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक नावाच्या सर्जनच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. थोड्याच काळात प्राण्यांवरच्या शस्त्रक्रिया ते एकट्याने करू लागले. पगारपत्रकावर मात्र त्यांचा हुद्दा होता झाडूवाल्याचा.

मोठ्या जखमेनंतर माणूस शॉकमध्ये का जातो, म्हणजे त्याचा रक्तदाब का कोसळतो, याचं कारण तेव्हा रक्तात मिसळणाऱ्या विषारी द्रव्यांत शोधलं जाई. या दोघांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं की रक्त आणि द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर जातात हे खरं कारण आहे, आणि ते भरून काढले तर माणूस वाचतो. दुसऱ्या महायुद्धातल्या किती जखमी सैनिकांचे प्राण या ज्ञानाने वाचले असतील, विचार करा.

१९४१ मध्ये दोघं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आले. तिथे कृष्णवर्णीय कर्मचारी होते ते साफसफाईसारख्या कामांवर. पांढरा कोट घातलेले थॉमस व्हरांड्यातून निघाले की लोक थबकून बघत. तिथे बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. काही बाळं जन्मतःच हृदयात दोष घेऊन येतात, फुप्फुसांकडे पुरेसं रक्त जात नाही, ओठ आणि नखं निळी पडतात. हे रक्त वाढवता येईल का? थॉमस यांनी कुत्र्यांमध्ये आधी तसाच आजार निर्माण केला आणि मग तो दुरुस्त करण्याची रीत बसवली: हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडायची. सुमारे २०० कुत्र्यांवर हे काम चाललं. तान्ह्या बाळाच्या रक्तवाहिन्यांसाठी वेगळी हत्यारं मिळत नव्हती, म्हणून प्रयोगशाळेतलीच हत्यारं त्यांनी बेतून घेतली.

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर १५ महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार किलो. ब्लॅलॉक यांनी हा जोड आजवर एकदाच घातला होता, तोही थॉमस यांचा मदतनीस म्हणून. थॉमस यांनी तो कितीदा तरी घातलेला. म्हणून ब्लॅलॉक यांनी त्यांना बोलावून घेतलं. एका स्टुलावर, ब्लॅलॉक यांच्या उजव्या खांद्यामागे उभे राहून थॉमस प्रत्येक टाक्याला सांगत होते. ती मुलगी त्या दिवशी वाचली, पण पुढे काही महिन्यांनी गेली. तिसऱ्या शस्त्रक्रियेत मात्र सहा वर्षांच्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मग देशोदेशीचे आईबाप आपली लेकरं घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

१९४५ च्या शोधनिबंधावर दोन नावं होती, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा उल्लेखही नव्हता. ब्लॅलॉक यांनी त्यांना थिएटरमध्ये आपल्या मागे उभं केलं, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण आभाराची एक ओळ लिहायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. ज्यांच्याकडून पुढचे नामांकित हृदयशल्यविशारद टाके घालायला शिकले, ते थॉमस पगार पुरत नाही म्हणून ब्लॅलॉक यांच्याच मेजवान्यांत पाहुण्यांना मद्य देण्याचं काम करत. १९७६ मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची. ‘ब्लॅलॉक-टॉसिग’ या त्या जोडाच्या नावात ‘थॉमस’ घालणारे डॉक्टर आज वाढत आहेत. मला ते योग्य वाटतं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनीही तसंच छापावं.

आता आपल्या घरातल्या एका यंत्राकडे येतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघत बसलो होतो. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं, किती शोषला गेला ते मोजतं, आणि त्या गुणोत्तरावरून ऑक्सिजनचा टक्का सांगतं. गुणोत्तराचा टक्का करायचा तक्ता निरोगी स्वयंसेवकांवर बसवलेला असतो. ते स्वयंसेवक बहुतांशी गोरे असतील तर? गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे १९९० मध्येच छापून आलं होतं. २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची २०१३ ची अपेक्षा काय होती? चाचणीत दहा जण असतील तर त्यांत गडद त्वचेचे किमान दोन. रुग्णालयासाठी ऑक्सिमीटर खरेदी करणारे कुणी इथे असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हे यंत्र कुणाच्या त्वचेवर तपासलं, हे विक्रेत्याला लेखी विचारा. सावळे, काळे आपणही आहोत.

बाहेर ठेवलेला माणूस आत आला की काय दिसतं, हे पॅट्रिशिया बाथ यांच्याकडे बघून कळतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत जन्मलेल्या या नेत्रतज्ज्ञ बाईंनी तिथल्याच कोलंबिया विद्यापीठाचे आणि हार्लेमच्या रुग्णालयाचे, असे दोन्ही ठिकाणचे रुग्ण पाहिले आणि ताडलं की कृष्णवर्णीयांत आंधळेपण दुप्पट आहे. त्यातूनच त्यांनी वस्त्यांत जाऊन डोळे तपासण्याची वाट काढली. मोतीबिंदू लेसरने फोडून काढायच्या उपकरणाचं पेटंट त्यांना १९८८ मध्ये मिळालं.

शेवटचं उदाहरण मूत्रपिंडाचं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या एका टाकाऊ पदार्थावरून, मूत्रपिंड किती काम करतं याचा अंदाज काढायचं सूत्र असतं. अमेरिकेत वर्षानुवर्षं त्यात एक गुणक होता: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर १.१५९ ने गुणा. कृष्णवर्णीयांचे स्नायू जास्त, अशी त्यामागची समजूत. परिणाम असा की त्यांचं मूत्रपिंड कागदावर जास्त चांगलं दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचं नाव उशिरा लागे. अनेक ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०२१ मध्ये वंशाचा गुणक नसलेलं सूत्र आलं. त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. जुन्या सूत्रामुळे ज्यांची नोंद उशिरा झाली, त्यांचा वाया गेलेला काळ मोजून तो परत द्या, असा आदेश २०२३ पासून सर्व प्रत्यारोपण रुग्णालयांना लागू झाला. वर्षा-सव्वा वर्षात चौदा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांची प्रतीक्षा दुरुस्त झाली, प्रत्येकाला सरासरी सुमारे दोन वर्षांचा काळ परत मिळाला. त्यातल्या काहींना मूत्रपिंड मिळालंही आहे.