सोलापूर ते मोपा: अंतर आणि वेळ यांचा हिशेब

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून एक शंका वारंवार कानावर येते. विमान ताशी पाचशे किलोमीटर वेगाने जाते, गोवा तर जवळच आहे, मग वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ कशासाठी?

आधी अंतर पाहू. त्याला पायथागोरसचे प्रमेय पुरते. आपला विमानतळ साधारण १७ अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ५६ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे, तर गोव्यातल्या मोपाचा विमानतळ १५ अंश ४४ मिनिटे आणि ७३ अंश ५२ मिनिटांवर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर फरक ११४ सागरी मैलांचा झाला. रेखांशांत १२४ मिनिटांचा फरक आहे; परंतु विषुववृत्तापासून दूर जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येत असल्यामुळे आपल्याकडे त्याचे ११९ मैलच भरतात. दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ केले की उत्तर १६५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ३०५ किलोमीटर येते.

पाचशेच्या वेगाने हे अंतर सदतीस मिनिटांत संपायला हवे. ते संपत नाही, कारण तो वेग विमानाला फार थोडा वेळ मिळतो. अठरा हजार फुटांवरून उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे शंभर किलोमीटर उतरण्यातच जातात. ही उतरण किती सपाट असते हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको: साखर कारखान्याची चिमणी या वाटेतला अडथळा ठरली आणि १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. चढण्यात आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर जातात. पूर्ण वेगाची समतल वाट उरते ती जेमतेम सव्वाशे किलोमीटरची.

म्हणूनच या मार्गावरचे पंख्याचे एटीआर विमान पाहून नाक मुरडण्यात अर्थ नाही. ही सव्वाशे किलोमीटरची वाट ते पंधरा मिनिटांत कापते आणि ताशी आठशेने जाणारे जेट साडेनऊ मिनिटांत. पाच-सहा मिनिटांच्या बचतीसाठी अधिक इंधन जाळणे एवढ्या पल्ल्यावर सहसा परवडत नाही. समोरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असला, तरी या टप्प्यात एक-दीड मिनिटाचाच फरक पडेल.

शिवाय वेळापत्रकातला वेळ केवळ हवेतला नसतो. चाकांखालची अडणी काढल्यापासून दुसऱ्या टोकाला ती पुन्हा लावेपर्यंतचा तो हिशेब असून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर फलाटापर्यंत येणे आणि उशीर झालाच तर हाताशी असावीत म्हणून ठेवलेली काही मिनिटे, हे सगळे त्यात येते.

मुंबईच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दौंड, पुणे, बोरघाट करत जाणारी रेल्वे ४५५ किलोमीटर धावते. सरळ रेषेत मुंबई ३६० किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील गर्दीच्या आकाशात उतरण्याचा क्रमांक येईपर्यंत विमानाला घिरट्या घालाव्या लागल्या, तर मार्गाच्या आखूडपणातून वाचलेली मिनिटे तिथेच खर्ची पडतात, आणि ती मिनिटे किती असतील हे नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही.