गेटवरचा कॅमेरा आणि तीन पोट्टे

नमस्कार मंडळी! आज बोलू घरच्या सीसीटीव्हीबद्दल. आपल्या नागपुरात महाल असो की मनीषनगर, गेटवर कॅमेरा असतोच आता, आणि लावून देणारा पोरगा जाताना जो पासवर्ड सांगून जातो, अॅडमिन-अॅडमिन नाहीतर वन टू थ्री फोर, तोच चालतो वर्षानुवर्षं. तोच चालतो बरं का, खरी गोष्ट तिथंच आहे.

आता माझा आवडता किस्सा ऐका. अमेरिकेत तीन पोट्टे होते, विशीच्या आसपासचे. माइनक्राफ्ट गेम तुमच्या घरची पोरं खेळत असतील, तर त्या गेमचे सर्व्हर चालवण्यात चांगला पैसा असतो, आणि हे पोट्टे दुसऱ्यांचे सर्व्हर बंद पाडायचे, वरून त्यातल्या दोघांची असे हल्ले थांबवून देणारी कंपनीच होती, म्हणजे आग लावणारे हेच अन् बंबवाले पण हेच! 2016 मध्ये त्यांनी मिराई नावाचा प्रोग्राम लिहिला. तो नेटवर फिरून कॅमेरे, डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, राउटर शोधायचा आणि त्या वस्तू बनवणाऱ्यांनी आधीच देऊन ठेवलेले साठेक पासवर्ड लावून पाहायचा. बस, तेवढंच! लाखो वस्तू हाती लागल्या आणि मालकांना पत्ता नाही, कारण कॅमेऱ्यात गेट दिसतच होतं ना. अन् या लाखो वस्तू एकदमच एखाद्या सर्व्हरवर तुटून पडल्या की गर्दीनं तो बंद! मग यांनी तो कोड सगळ्यांसाठी नेटवर टाकून दिला, आणि 21 ऑक्टोबर 2016 ला दुसऱ्याच कोणीतरी तो वापरून अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स झोपवलं. लोक म्हणे परक्या देशाचा हात आहे, निवडणूक होती ना तोंडावर. पोट्ट्यांनी पुढं अलास्काच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, पण एफबीआयला मदत केली म्हणून जेल टळली, प्रत्येकाला 2500 तास समाजसेवा मिळाली.

आता तर एसीलापण वायफाय आलंय. मला विचाराल तर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि त्यात पाणी भरायला घरातला एक आळशी भाचा, याच्यापुढं उन्हाळ्याला काही लागत नाही, पण ऐकतं कोण!

असो, वेळ संपत आली. मिराई फक्त मेमरीत बसतो, बंद-चालू केलं की जातो, पण पासवर्ड जुनाच असला तर लगेच परत येतो. म्हणून डीव्हीआरची नेटची वायर काढा, बंद-चालू करा, पासवर्ड बदला, मगच वायर लावा. आधी पासवर्ड, मग वायर. जमत नसेल तर त्या लावून देणाऱ्या पोराला बोलवा, फक्त नवा पासवर्ड टाकायच्या वेळी त्याला चहा प्यायला बाहेर बसवा.