गळ टाकण्यापूर्वी पाण्याची ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

गळाने मासे धरण्याचा छंद आपणही करून पाहावा, असे अनेकांना वाटते आणि त्यासाठी ते प्रथम दुकान गाठतात. कार्बनची काठी, परदेशी रीळ, रंगीत कृत्रिम आमिषांचा डबा अशी खरेदी होते, दोन-चार रविवार तलावाच्या काठी रिकाम्या हाताने जातात आणि मग ते सारे साहित्य माळ्यावर जाऊन पडते. या निराशेचे कारण साहित्यात क्वचितच असते. पाण्यातला मासा कोठे असतो, किती खोलीवर खातो आणि केव्हा खातो, हे ठाऊक नसताना टाकलेला गळ बहुतेक वेळा जेथे मासा नाही तेथेच लोंबकळत राहतो. म्हणून आजच्या भाषणात मी साहित्याविषयी गरजेपुरते बोलणार आहे आणि पाण्याविषयी व माशाविषयी अधिक.

हा करमणुकीचा प्रकार इंग्रजांनी आपल्याकडे आणला असा एक समज आहे, तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच आहे आणि त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा, काठी, दोरी आणि गळ यांचा विचार केलेला आहे. राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांत, गणलेली ही विद्या आजही त्याच पायऱ्यांनी शिकावी लागते: आधी मासा, मग चारा आणि शेवटी गळ.

माशाच्या तोंडापासूनच सुरुवात करू. बाजारात कटला, रोहू आणि मृगळ शेजारी शेजारी मांडलेले असतात, तेव्हा त्यांची तोंडे नीट न्याहाळून पाहावीत. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ जाड व झालरीसारखे असून तो मुख्यतः मधल्या थरात वावरतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस वळलेले असते आणि तो तळाशी खातो. एकाच तळ्यात हे तिघे सुखाने नांदतात ते यामुळेच, आणि तळाशी ठेवलेल्या आमिषाकडे कटला सहसा फिरकत नाही तेही यामुळेच. कोणत्या माशासाठी बसायचे हे ठरले की गळाची खोली ठरते, आणि खोली ठरल्यावाचून बाकीच्या कौशल्याला काही अर्थ उरत नाही.

नवशिक्याने मात्र या तिघांच्या मागे न लागता चिलापीपासून सुरुवात करावी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो आपल्या धरणांत, तळ्यांत आणि संथ नद्यांत सर्वत्र पसरला आहे. तो काठाजवळ राहतो, दिवसभर खातो, आणि त्याची संख्या कमी झाल्याने आपल्या नद्यांचे नुकसान होण्याऐवजी स्थानिक माशांना थोडी जागाच मिळते. शिकण्यासाठी याहून योग्य मासा मला सुचत नाही.

त्याच्यासाठी दहा-बारा फुटांची, शेंड्याकडे निमुळती होत जाणारी बांबूची वाळलेली काठी पुरते. शेंड्याला साधारण काठीइतक्याच लांबीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधावा. पाव मिलिमीटर जाडीचा, चार-एक किलोंचा ताण सोसणारा तंगूस या कामाला भरपूर झाला. गळ आठ किंवा दहा क्रमांकाचा घ्यावा. येथे नवख्यांचा गोंधळ होतो, कारण या मापात क्रमांक वाढत जातो तसा गळ लहान होत जातो, आणि चिलापीचे तोंड लहान असल्याने मोठा गळ तिच्या काही उपयोगाचा नाही. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाची बारीक गोळी दाबून बसवावी आणि तिच्या वर तरंडा, म्हणजे पाण्यावर तरंगून माशाची चाहूल देणारा तुकडा. मोरपिसाच्या देठाचा तरंडा उत्तम, तो नसेल तर ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडाही चालतो. तरंडा बारीक आणि हलका असावा. बाजारातले फुगीर, चमकदार तरंडे दिसायला छान असले तरी त्यांना ओढताना माशाला प्रतिकार जाणवतो आणि तो आमिष सोडून देतो.

गाठ कशी बांधायची हे घरीच शिकून घ्यावे. तंगूस गळाच्या छिद्रातून ओवून त्याचे टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे देऊन मागे आणावे, छिद्रालगत तयार झालेल्या छोट्या फाशातून काढावे आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातून पुन्हा एकदा ओवावे. यानंतरची गोष्ट अनेकजण विसरतात: आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली केलीच पाहिजे. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतो, त्या जागी कमकुवत होतो आणि मोठा मासा लागला की नेमका तेथेच तुटतो. गाठ ओली करून हळूहळू आवळली, वेढे एकापुढे एक नीट बसले आणि टोक दोन मिलिमीटर ठेवून कापले, की ती गाठ निर्धास्त मानावी.

पाण्याकाठी पोहोचल्यावर लगेच आमिष लावू नये. गळाला शिशाचा जरा मोठा तुकडा अडकवून तो पाण्यात सोडावा आणि तरंडा वर-खाली सरकवत खोली मोजावी. तरंड्याचे टोक पाण्याच्या पातळीला आले की तळ सापडला. मग चिलापीसाठी आमिष तळापासून वीतभर वर राहील असा तरंडा खाली घ्यावा, आणि मृगळासाठी ते तळाला टेकू द्यावे. याच वेळी काठाचेही निरीक्षण करावे. बुडालेले झुडूप, पाणवनस्पतींची कड, ओढा येऊन मिळतो ती जागा, उथळ पाणी अचानक खोल होते ती कड, या ठिकाणी मासा असण्याची शक्यता उघड्या, सपाट तळापेक्षा किती तरी अधिक असते. वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे तरंगते खाद्य जमा होते, म्हणून चेहऱ्यावर वारा घेत बसणे गैरसोयीचे असले तरी फायद्याचे असते. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ साधावी, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि दुपारी मासा खोल पाण्यात जाऊन सुस्तावतो.

आमिषासाठी गांडुळाला तोड नाही. ते गळावर ओवताना शेवटचे टोक मोकळे वळवळते ठेवावे. कणकेचे आमिष करायचे असेल तर कणकेत शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा मिसळून गोळा घट्ट मळावा आणि त्यात पिंजलेल्या कापसाचे थोडे तंतू घालावेत, म्हणजे पाण्यात तो लवकर विरघळत नाही आणि लहान मासे तो टोचून पळवू शकत नाहीत. वाटाण्याएवढी गोळी करून गळाचे टोक जेमतेम झाकले जाईल इतकीच लावावी. भिजवलेल्या पेंडीचा एखादा मुटका तरंड्याच्या जवळपास फेकावा आणि मग अर्धा तास जागा बदलू नये. चारा टाकायचा आणि दहा मिनिटांत उठून दुसरीकडे जायचे, ही सवय मला फार चुकीची वाटते, कारण मासे येऊ लागतात तेव्हाच आपण निघून गेलेलो असतो.

तरंड्याची भाषा कळायला वेळ लागतो. बारीक थरथर म्हणजे लहान मासे आमिष टोचत आहेत, त्या वेळी काठी उचलू नये. तरंडा तिरपा सरकत पाण्याखाली गेला की मासा आमिष घेऊन चालू लागला असे समजावे. कधी कधी तरंडा बुडण्याऐवजी वर येतो आणि आडवा पडतो. मासा निघून गेला असे वाटून नवखा माणूस तेव्हा गप्प बसतो. वस्तुतः तळाचे आमिष माशाने उचलल्यामुळे शिशाचा भार निघून गेलेला असतो आणि तीच नेमकी वेळ असते. काठी मनगटाच्या हिसक्याने, हातभरच उचलावी. खांद्यापासून जोर लावला तर लहान माशाचे तोंड फाटते आणि मोठ्या माशापुढे तंगूस तुटतो. मासा लागल्यावर काठी उभी धरून तिच्या वाकण्यावर त्याला दमू द्यावे, दोरा ढिला पडू देऊ नये, आणि तो कुशीवर झाला की जाळीत घ्यावा.

हे सारे हातात बसल्यावरच रिळाकडे वळावे. रिळाच्या काठीने लांब फेकता येते, मात्र नेमके फेकणे जास्त महत्त्वाचे आहे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणावर सुटेल याचा पेच, दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर लावून ठेवावा, म्हणजे मोठा मासा धावला तरी दोरा तुटण्याऐवजी सुटतो.

आता कोकणाकडे येऊ, कारण खाडीत गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे, ही वेगळीच विद्या आहे. तेथे घड्याळापेक्षा तिथी पाहावी लागते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोराने चढते-उतरते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी संथ असते. माझ्या मते नवशिक्याने भांगाच्या दिवसांत, भरतीचे पाणी चढू लागल्यापासूनचे दोन तास निवडावेत. वाहत्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, शिरतात आणि त्यांच्या मागोमाग तांबोशी, जिताडा, शिंगाळा येतात. जिवंत कोळंबी शेपटीजवळ गळाला टोचून खारफुटीच्या मुळांच्या कडेला सोडली, तर तांबोशी मिळण्याची आशा धरता येते, पण लागताच ती मुळांत घुसते, म्हणून येथे तंगूस जाड हवा आणि पहिल्या क्षणी ढील देता कामा नये. हातदोरीने गरवणाऱ्याने दोरा कधीही हाताला गुंडाळू नये. लाकडी फळीला गुंडाळावा. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, वेदना उतरतात, आणि मग डॉक्टरांकडे जावे.

जिताड्याची एक गोष्ट प्रत्येक छांदिष्टाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले थोराड जिताडे बहुतांशी अंडी घालणाऱ्या माद्या असतात. असा मासा लागला तर त्याचे छायाचित्र घेऊन तो परत सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीच गोष्ट पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांची. चढणीच्या माशांची चव आपल्याकडे वाखाणली जाते खरी, पण ते अंड्यांनी भरलेले असतात आणि त्या वेळी एक मासा काढणे म्हणजे पुढची हजारो पिल्ले काढणे होय. यांत्रिक नौकांच्या सागरी मासेमारीलाही आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे ते दोन महिने थांबतात, तर करमणुकीसाठी बसणाऱ्याने थांबायला काहीच हरकत नसावी.

खडस, म्हणजेच महाशीर, लागला तर तोही सोडावा. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासकाने १८३९ मध्ये शास्त्रीय साहित्यात नोंदवले, आणि आज त्याच नद्यांत तो दुर्मीळ आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले नद्या-तलावांत सोडण्याचे काम चालवले आहे. महाडजवळचा वाळण कोंड, वैतरणेवरचे तिळसे, इंद्रायणीवरचा देहूचा डोह येथे लोकांनी श्रद्धेने हे मासे राखले. अशा ठिकाणी गळ घेऊन जाऊच नये.

मासा सोडायचा तर नीट सोडावा. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला असेल तर गळ क्षणात निघतो. खोल गिळला असेल तर उपसत न बसता दोरा तोंडाजवळ कापावा. मग माशाला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात सैल धरावे आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत ढकलू नये.

बहुतेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून बसण्यापूर्वी संस्थेची आणि मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी. सुरुंगाने किंवा विषाने मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कोठे असे दिसले तर गप्प न बसता कळवावे. धरणाच्या खालच्या बाजूला बसला असाल आणि भोंगा ऐकू आला, तर साहित्य तेथेच टाकून वर यावे. कार्बनची काठी विजेच्या तारांखाली उभी करू नये, कारण तिच्यातून वीज वाहते. पावसाळ्यात खडकांवर जाऊ नये. तुटलेल्या तंगुसाचा एकही तुकडा काठावर राहू देऊ नये, कारण त्यात बगळे, पाणकावळे आणि कासवे अडकून मरतात.

पाऊस संपून पाणी निवळले की दिवाळीच्या आसपासचे दिवस सुरुवातीला चांगले. पहिल्या खेपेला बांबूची काठी, डबाभर गांडुळे, भिजवलेली पेंड, पिण्याचे पाणी आणि डोक्याला टोपी एवढेच बरोबर घ्यावे, आणि परिसरातल्या एखाद्या जुन्या गरवणाऱ्या काकांच्या शेजारी, त्यांना विचारून, बसावे. नमस्कार.