पाचवा बोल्ट

[दृश्य: ॲलॉय चाकाचा मधला भाग. पाच बोल्टांवर पाच काळ्या टोप्या. तारेच्या हुकाने एकेक टोपी निघते.]

या चाकाचे चार बोल्ट सतरा नंबरच्या कुठल्याही गोटीने, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या पान्याच्या तोंडाने, सुटतील. पाचवा सुटणार नाही. त्याच्या डोक्याला सहा कोन नाहीत; डोकं गोल आहे आणि त्यात एक नागमोडी खाच आहे. हा लॉक बोल्ट. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक, गाडीला चार. या चारही बोल्टांना मिळून एकच चावी.

मारुती, ह्युंदाई, टोयोटाच्या बहुतेक मोटारींत हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, स्टड (आटे असलेले दांडे) बाहेर आलेले असतात. चाक त्यांवर अडकवायचं आणि नट आवळायचे. फोक्सवॅगन, श्कोडा, ऑडीची पद्धत निराळी. तिथे हबला आटे पाडलेली भोकं असतात आणि बोल्ट चाकातून थेट आत जातो. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्यापासून असे बोल्ट आपल्याकडे पुष्कळ दिसू लागले. लॉक मात्र नटांचंही मिळतं, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं दोन्हींना लागू आहे.

[दृश्य: तळहातावर चावी, पालथी-उताणी.]

चावी म्हणजे जेमतेम अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. एका टोकाला बोल्टच्या खाचेत बसणारा उठाव, दुसऱ्या टोकाला व्हील पाना बसेल असा षटकोन. तिच्यावर एक कोड कोरलेला असतो. तो आजच लिहून घ्या, फोटो काढा आणि गाडीत नाही, घरी ठेवा. चावी हरवली तर याच कोडवरून नवी मागवता येते. बाजारातून घेतलेल्या सेटबरोबर कोडचं कार्ड येतं; तेही घरच्या कागदपत्रांत.

चावीची जागा एकच ठरवावी. डिकीत स्टेपनीजवळ जॅक आणि पाना ठेवतात, तिथेच ती हवी. मूळ मालकाने ती कप्प्यात, सीटखाली किंवा घरच्या खणात ठेवली असण्याची शक्यता असते. म्हणून जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी चावी मागून घ्या आणि चारही चाकांवर लावून बघा. एखादा बोल्ट मध्येच बदललेला असेल, तर तिथेच कळेल.

चावी हरवते ती बहुधा टायरच्या दुकानात. बोल्ट झटपट फिरवणाऱ्या गनच्या गोटीत ती घट्ट अडकून बसते, कामगार गोटी टेबलावर ठेवतो आणि पुढची गाडी लागते. दुकानातून निघण्याआधी चावी हातात घ्या. गोटीत अडकली असेल तर मागच्या चौकोनी भोकातून लोखंडी कांडी घालून हलकेच ठोकली की निघते.

[दृश्य: दगड लावलेलं चाक. चावी खाचेत बसते.]

आता सोडवण्याची रीत. चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक लावून, गिअर टाकून, समोरच्या तिरक्या चाकाला दगड लावून बोल्ट ढिले करायचे. आधी लॉक बोल्ट. बाकीचे घट्ट असताना चाकाचा दाब सगळ्यांत वाटलेला असतो. लॉक बोल्ट शेवटी ठेवला तर सगळा ताण त्या एकट्यावर येतो आणि चावी त्याच्या खाचेतून निसटते. खाचेतली माती ब्रशने काढा, चावी पूर्ण आत बसवा, एका हाताने दाबून धरा आणि पान्याला सरळ, संथ जोर द्या. झटके नकोत.

बसवताना उलट क्रम: लॉक बोल्ट सर्वांत शेवटी. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून आत घालायचे, मग आळीपाळीने समोरासमोरचे आवळायचे. फोक्सवॅगन, श्कोडा, ऑडीच्या बहुतेक बोल्टांना १२० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) लागतो, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ३० किलोंचा भार. पान्याला पाइप घालून वर उभं राहणाऱ्याचा जोर याच्या दुप्पट सहज होतो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका; घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. चाक बदलल्यावर ५० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

लॉक बोल्टवर गन लावूच देऊ नका. हे टायरवाल्याला आधीच सांगा, तो पाना हातात घेण्यापूर्वी. गन ठोके देत फिरवते; चावीचा उठाव बारीक असतो, तो ठोक्यांनी कडा सोडतो किंवा तुटतो. चार चाकांना एकच चावी असल्याने ती तुटली की चारही चाकं अडकतात.

[दृश्य: कडा झिजलेला लॉक बोल्ट.]

चावी गेली, तर आधी डीलरकडे जा. अनेक ठिकाणी चाव्यांचा मोठा संच असतो. एकेक लावून जुळणारी सापडते आणि तिचा कोडही मिळतो. खाच झिजली असेल तर डोक्यापेक्षा किंचित लहान, टाकाऊ गोटी हातोडीने ठोकून बसवतात, किंवा उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अडकलेला बोल्ट काढण्याचं हत्यार, लावतात. काही बोल्टांच्या डोक्याभोवती मोकळी फिरणारी कडी असते, तिच्यावर गोटी नुसती फिरत राहते. तिथे कडी आधी कापावी लागते. शेवटचा उपाय ड्रिल. त्याचा धक्का चाकाला बसतो, म्हणून हे काम घाईत रस्त्यावर करू नये.

नवे बोल्ट घेताना आटे, लांबी आणि बैठक (बोल्ट चाकाला टेकतो तो भाग) तिन्ही जुळवा. या गाड्यांच्या बहुतेक बोल्टांचे आटे एम १४ × १.५ (१४ मिलिमीटर जाडी, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर), आणि कंपनीच्या चाकांची बैठक गोलाकार. बाजारातल्या बऱ्याच ॲलॉयला मात्र ६० अंशांची शंकू बैठक असते. शंकूचा बोल्ट गोल खड्ड्यात घातला तर तो एका पातळ कड्यावरच टेकतो आणि टॉर्क बरोबर असूनही ढिला पडतो. फार लांब बोल्ट मागच्या ड्रम ब्रेकच्या भागांना घासू शकतो, फार आखूड बोल्ट आट्यांत पुरेसा पकडत नाही. निदान सात-आठ वेढे आत जायला हवेत.

स्टीलच्या चाकांवर लॉक बोल्ट ठेवण्यात आम्हाला काहीच अर्थ वाटत नाही. ॲलॉय असली आणि गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असली, तर ते जरूर ठेवा. चावीच्या कडा गोलसर होऊ लागल्या असतील, तर ती अजून पकडते आहे तोवर चारही लॉक बोल्ट काढून साधे बोल्ट घाला.